जपून नावाचा रूट

देवधर सरांच्या नावावर जी चूक आहे, ती माझी होती.

आज त्यांचं वर्षश्राद्ध. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी येताहेत. मधूनच कोणीतरी लिहितं, "बिचारे. इतकी वर्षं काम केलं आणि शेवटी एका चुकीने नाव गेलं."

म्हणून लिहितोय. नंतर ज्यांना माझ्याशी बोलायचं नसेल, त्यांनी खुशाल बोलू नये.

नोएडात नवी नवी ऑफिसं उघडत होती तेव्हा सर पुण्याहून आले आणि दिल्लीतल्या मयूर विहारचेच झाले. मी जन्माने गाझियाबादचा. घरी मराठी, बाहेर हिंदी, डोक्यात दोन्हीची खिचडी.

क्लाउडमधलं आमच्या कंपनीचं प्रायव्हेट नेटवर्क सर सांभाळायचे. त्यात रूट टेबल असतं, म्हणजे कुठला डेटा कुठल्या वाटेने जायचा त्याची यादी. सर दर सोमवारी चष्मा कपाळावर चढवून ती ओळ न् ओळ वाचायचे.

आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

मग मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. नवे रूट तीच टाकणार, एक लिंक बंद पडली तर डेटा दुसरीवर तीच वळवणार, महिनाभर न वापरलेले रूट तीच काढणार. मॅनेजर खूश. सरांना सांगण्यात आलं की आता वाचत बसायची गरज नाही.

सरांनी एकच अट घातली. "काढण्याआधी तिला माणसाला विचारू दे."

मला ते म्हातारपणाचं लक्षण वाटलं, पण केलं. कोणीतरी 'यस' दाबल्याशिवाय काही निघणार नाही.

सर आठवडाभर पुण्याला गेले होते तेव्हा स्क्रिप्टने यादी पाठवली. त्यात एक रूट होता, कित्येक महिने कोणी न वापरलेला. त्यावर सरांचा टॅग, इंग्रजी अक्षरांत. जे, ए, पी, यू, एन.

मला वाटलं, जपानचं स्पेलिंग चुकलंय. जपानचा एक क्लायंट आदल्याच वर्षी आम्हाला सोडून गेला होता.

सरांना एक फोन करायला हवा होता. नाही केला. यस दाबलं.

पुढचे पाच आठवडे काहीच झालं नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं. मला ऑफिसने शाबासकी म्हणून कॉफीचा मगसुद्धा दिला.

तो रूट गाझियाबादच्या एका अॅम्ब्युलन्स सर्व्हिसची राखीव वाट होता. मुख्य लिंक पडली तरच लागणारी. म्हणून तर ती कोणी वापरत नव्हतं.

जूनमधल्या एका दुपारी मुख्य लिंक पडली. स्क्रिप्ट राखीव वाट शोधायला गेली. वाट नव्हती.

लोक अॅपवर बटण दाबत होते. अॅप सांगत होतं, "रिक्वेस्ट मिळाली." आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर काहीच उमटत नव्हतं. तिथल्या मुलींना वाटलं, आजची दुपार शांत आहे.

गाझियाबादच्याच वसुंधरा भागात एक माणूस आपल्या वडिलांसाठी सोसायटीच्या गेटवर फोन हातात धरून उभा होता. शेवटी त्याने त्यांना शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं. उशीर झाला होता.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "ये जपुन क्या है? किसने उड़ाया?" टीमचं लॉगिन एकच, त्यामुळे यस कोणी दाबलं ते दिसत नव्हतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "टैग मेरा था. पुणे से मैंने ही यस किया."

मी गप्प बसलो. माझं प्रोबेशन चालू होतं, हे कारण मी स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलंय.

बाहेर लिफ्टपाशी सर हळूच म्हणाले, "जपून, अरे. म्हणजे सांभाळून. तुझ्या घरी कोणी म्हणत नाही?"

"आई 'संभालके' म्हणते."

त्यांनी नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, ह्यूमन एरर. मग उपाय काय? माणसाला विचारणंच बंद. ती ओळ स्क्रिप्टमधून मीच काढली. स्क्रिप्ट अजून चालते, आता कितीतरी क्लायंट्ससाठी, आणि कोणालाही काही विचारत नाही. मी तिचा बाप, आणि मला तिची भीती वाटते.

सर त्यानंतर दोन वर्षं होते. माझ्या घरापासून मेट्रोने अर्ध्या तासावर. मी दिवाळीला मेसेज टाकायचो. गेलो एकदाही नाही.

आज सकाळी सरांच्या घरी, काकूंकडे गेलो. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. मीटिंग झाली त्याच संध्याकाळी सांगितलं होतं यांनी."

मी विचारलं, सर माझ्यावर चिडले होते का.

"छे रे. म्हणायचे, पोरगा वाईट नाही, येईल सांगायला." मग म्हणाल्या, "रविवारी कुठे जायचं म्हटलं की यांचं आपलं नको. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर पुन्हा हिंमत करायचा नाही म्हणे."

दोन वर्षांचे सगळे रविवार.

सर, आता निघा तुम्ही. कोणी यायचं राहिलेलं नाही.

नमस्कार करतो.