गफूरभाईंच्या डब्यातली कोरी पुडी

गफूरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी दवाखान्यात एका माणसाच्या तोंडात आरसा धरून उभा होतो. त्यांचा शेजारी दारातूनच म्हणाला, "पंत, दातवाले गफूरभाई सकाळी गेले." मी हातातलं काम संपवलं, पकड उकळायला टाकली आणि मग खुर्चीत बसलो. पकड उकळायची सवय त्यांनीच लावलेली... याला आता सहा आठवडे होतील.

बीडमध्ये त्यांचं छोटं दुकान होतं, पण खरा धंदा दिंद्रुडच्या बाजारात आणि नारायणगडाच्या जत्रेत, सतरंजी अंथरून. दात काढणं त्यांच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. मी सरकारी दवाखान्यातला कंपौंडर; डॉक्टरसाहेब दौऱ्यावर असले की गावचे दुखरे दात माझ्या गळ्यात पडत. तरी माझ्या डोक्यात सरकारी हवा इतकी, की या सतरंजीवाल्याशी मी रस्त्यात धड बोलतही नसे.

एकदा देवी टोचायला दिंद्रुडला गेलो होतो, बाजारचा दिवस होता. चकलांब्याला दिलेली, माहेरपणाला आलेली एक बाई गाल धरून त्यांच्यासमोर उभी होती. आधीच्या बाजारी तिनं खालच्या दाढेवर बोट ठेवलं आणि गफूरभाईंनी ती काढली. दुखणं मात्र तसंच राहिलं, कारण किडलेली होती ती वरची. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, तूच दाखवलीस ना बाई? मीही तेच म्हणालो असतो. गफूरभाई उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तुमी दुखणं दाखवलं. दात वळखायचं काम माझं व्हतं. चूक माझी हाय." लोक हसले. पुढचे कितीतरी बाजार त्यांच्या सतरंजीकडे कोणी फिरकलं नाही.

तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, बैलांच्या दमणीनं जालना गाठलं आणि तिथून आगगाडीनं हैदराबाद. तिथल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे, आपल्या मुलाच्या वयाच्या शिकाऊ लोकांत, हा दाढीवाला माणूस चार महिने उभा राहिला. परतल्यावर मी खवचटपणे विचारलं, "या वयात कशाला शिकायचं, गफूरभाई?"

"दात हायेत तसेच हायेत, पंत. मीच लई चुकतो," ते म्हणाले. आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

अमावास्येला आमच्याकडे कोणी दात काढून घेत नाही. त्या दुपारी आम्ही दोघंही रिकामे. पुढली अकरा वर्षं दर अमावास्येला त्यांच्या दुकानात आम्ही बसलो. नेम एकच, महिन्याभरातली आपली एक चूक दुसऱ्यासमोर ठेवायची. चांगला दात चुकून निघाला असेल तर ते तो कागदात बांधत, वर उर्दूत गाव आणि चूक लिहीत आणि पुडी पत्र्याच्या डब्यात टाकत. पहिली पुडी त्या चकलांब्याच्या बाईची. ओरडणं नाही, उपदेश नाही. माझी चूक ऐकून एवढंच विचारायचे, "गार पाण्यानं पाहिलं व्हतं का?" दुखरा दात गार पाणी लागलं की कळवळतो, शेजारचा गप्प राहतो. हैदराबादेहून आणलेली ही विद्या त्यांनी मला पहिल्याच बैठकीत फुकट देऊन टाकली.

आता माझं सांगतो. मी चुका निवडून नेत असे, आपली अब्रू शाबूत ठेवणाऱ्या. दीड वर्षामागे नारायणगडाकडचा एक म्हातारा आला. दारात गर्दी, मला जेवायची घाई. त्यानं बोट ठेवलं ती दाढ मी काढली, पाणी लावून पाहिलं नाही. दाढ हातात आली ती पांढरीशुभ्र. त्याच्या तोंडात वरखाली जुळणारी दाढांची ती शेवटची जोडी होती. मग मी शेजारची किडलेली काढली आणि म्हणालो, "बाबा, दोन्ही खराब होत्या." म्हातारा हात जोडून म्हणाला, "लई उपकार झाले, साहेब." तो आता भाकरी दुधात कुस्करून खातो. बाजारात भेटला की अजून हात जोडतो, आणि मी मान खाली घालतो.

ती दाढ मी खिशात घालून प्रत्येक बैठकीला नेली आणि परत आणली. शेवटच्या वेळी गफूरभाईंनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "अजून काई, पंत?" मी म्हणालो, "नाही. एवढंच." पुढच्या अमावास्येला नक्की सांगायचं, असं ठरवून घरी आलो. ते त्याच्या आठ दिवस आधी गेले.

त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा भाभींनी पडद्याआडून डबा पुढे सरकवला. "तुमाला द्या म्हनले होते. त्यात एक पुडी कोरी हाय. पंतांची जागा हाय, म्हनायचे. येतील म्हनायचे." मला तिथे बसवेना.

आता गावात दात काढणारे आहेत, चुकणारेही असतील, पण चूक घेऊन जावं असं घर उरलेलं नाही. अमावास्या आली की दुपार संपता संपत नाही. गेल्या अमावास्येला दवाखान्यात डबा उघडला. त्या कोऱ्या कागदात म्हाताऱ्याची दाढ बांधली, वर गाव लिहिलं, चूक लिहिली, खाली माझं नाव लिहिलं. उद्या त्या म्हाताऱ्याच्या गावी जाणार आहे, त्याला खरं सांगायला. पण त्याआधी, त्याच दुपारी, समोरच्या रिकाम्या खुर्चीला सगळं मोठ्यानं सांगितलं आणि गार पाण्याच्या त्या एका प्रश्नाची वाट पाहत बसलो.

नव्हतं पाहिलं, गफूरभाई.