पहिलं पाणी

कोपरीत आमच्या समोरच्या गॅलरीतली बाई चर्चच्या वेदीवरची कापडं धुते. त्यांना पवित्र भाकरीचा, म्हणजे देवाच्याच देहाचा, कण चिकटलेला असू शकतो, म्हणून पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नसतं. ती ते जास्वंदीला घालते. एकदा अंथरुणाला खिळलेल्या सासूचं लाळेरंही तिने तसंच धुतलं. मला राहवलं नाही.

"आंटी, हे तर घरचं ना?"

"मग? देवाला काय चर्चमध्येच कोंडलंय?" ती हसली. "म्हातारीचं तोंड पुसताना रोज भेटतो गं मला."

माझा जीव जळला. दर रविवारी मी डोळे घट्ट मिटून गुडघे टेकते; मला कोणी भेटत नाही. त्या संध्याकाळी मी माझा डबा धुतला आणि पाणी मोगऱ्याला घातलं. मातीवर भाताची शितं तेवढी राहिली.