रक्तदात्यांची साइट तुंबली तेव्हा

सोलापूर जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची यादी असलेली एक वेबसाइट मी आणि माझी मैत्रीण नोकरी सांभाळून चालवतो. एका सकाळी कुर्डुवाडीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. "ताई, बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त पायजे, अन् तुमची साइट उघडतच न्हाय की."

मलाही ती उघडेना. सर्व्हर इतका तुंबला होता की यादीपर्यंत मी स्वतःही पोचू शकत नव्हते. मैत्रिणीला फोनवर घेतलं आणि आम्ही दोघी आपापल्या घरून साइटवर येणाऱ्या मागण्यांची नोंद चाळायला लागलो. सेकंदाला यादीत शोध घेण्याच्या शेकडो मागण्या आदळत होत्या. कुणीतरी मुद्दाम साइट बंद पाडत होतं. माझ्या अंगात वेगळाच जोर चढला होता.

"अगं, या सगळ्या मागण्यांत रक्तगटाची चौकट रिकामी सोडलीय," मैत्रीण म्हणाली. "खरा माणूस रक्तगट न निवडता कशाला शोधेल?"

सर्व्हरच्या पुढे पहारा देणारी एक सेवा आम्ही घेतलेली होती. तिच्यात मी लगेच नियम लिहिला: चौकट रिकामी असेल तर मागणी दारातूनच परत पाठवायची. थोड्याच वेळात साइट उघडली आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

दाता कुर्डुवाडीतच निघाला, रेल्वे वर्कशॉपमधला एक फिटर. दुपारी नर्सबाईंचा पुन्हा फोन आला. "लई मोठं काम झालं बगा. बाळ-बाळंतीण दोगंबी बरी हायत."

हे सांगायला मी मैत्रिणीला फोन लावला आणि नर्सबाईंचे शब्द तिला जसेच्या तसे ऐकवले.