चॉकलेटी कंटेनर

पांढरं घर दवाखान्यासारखं दिसतं, म्हणून वाळवंटातल्या आमच्या कंटेनरच्या घराला मी हौसेनं चॉकलेटी रंग दिला. केवढी शहाणी होते मी. दुसऱ्याच दुपारी वीज गेली, गडद रंगानं आणखी तापलेला पत्रा टकटक वाजू लागला. तान्ही लेक रडायची थांबली, तेव्हा त्या भट्टीतही माझे हातपाय गार पडले. ओल्या साडीत गुंडाळून तिला बाहेरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेलं, तेव्हा कुठे ती पुन्हा रडली.

आज, इतक्या वर्षांनी, कोपऱ्यावरच्या बांधकामातला कंटेनर उन्हात तसाच वाजला आणि मला ती दुपार आठवली. पत्रा रोज फुगतो, आकसतो, वर्षानुवर्षं टिकतो; जिवाला एक दुपार पुरते.

तेव्हा, वीज गेली त्याच संध्याकाळी, नवरा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला. म्हणाला, "दवाखान्यासारखं दिसलं तर दिसू दे गं. पोरीला घेऊन खऱ्या दवाखान्यात धावायला नको."