उसातलं आडवं

लग्न होऊन येडगावला आले तेव्हा मला बिबट्या दिसायचाच नाही. थोरल्या जाऊबाई उसाकडं बोट करायच्या, "त्यो बघ, बसलाय." मला नुसता ऊस. मी पिवळ्यावर काळे ठिपके शोधायची, टीव्हीवर पाहिलेले.

"ठिपकं कशाला हुडकती गं बये?" त्या वैतागायच्या. "ऊस उभा असतो. त्यात आडवं काय हाय त्ये बघ. पाठ आडवी, शेपूट आडवं."

घरात सगळ्यांत तेज नजर त्यांची. आमच्या ह्यांना समोरच्या खुंटीवरचा टॉवेल सापडत नाही, ते काय बिबट्या बघणार! म्हणून मलाच त्या रोज बांधावर उभं करायच्या. वाळलेलं पाचट, ठिबकची नळी, आडवं दिसेल ते मला बिबट्याच वाटे. लई हसायच्या. हळूहळू डोळा बसला. एका सकाळी त्यांच्याआधी मीच म्हणाले, "बाई, तिथं." डबा बडवला तसा तो उठून आत गेला.

त्यानंतर गवताला आम्ही जोडीनं जायचो. ओणवं माणूस त्याला शेळीएवढंच दिसतं. म्हणून एकीनं कापायचं, दुसरीनं उभं राहून बघायचं. माझी पाळी बघायची असली की त्या मान खाली घालून बिनघोर कापायच्या. माझा ऊर भरून यायचा, आणि भीतीही वाटायची.

गेल्या वर्षी लेकाला ताप आला म्हणून मी त्याला नारायणगावला दवाखान्यात नेलं. "आज गवत राहू द्या," सांगून गेले होते. पण गाय हंबरायला लागली आणि त्या एकट्याच गेल्या. कशाला गेल्या? अजून राग येतो मला त्यांचा.

परत आले तर बांधावर गर्दी. विळा आणि अर्धा भारा तेवढा सापडला होता. वनखात्याच्या पोरांनी ड्रोन उडवला. "अंग गरम असलं की स्क्रीनवर पांढरं दिसतं," एकजण समजावत होता. पांढरं काहीच नव्हतं. लोक म्हणाले, इथं नाहीत, पलीकडच्या रानात बघू.

लेकाला ह्यांच्याकडं दिलं आणि रोजच्या जागी जाऊन उभी राहिले. मागं सर, मागं सर, सगळे ओरडत होते. उभा ऊस. पाचट. नळी. त्याच्या मागं आणखी एक आडवं, हिरव्या बांगड्या घातलेलं.

"तिथं," मी म्हणाले.

कुणालाच दिसेना. मला पुन्हा पुन्हा बोट करून दाखवावं लागलं.