नव्या राजवाड्यातला शिंपला

परदेशातल्या पोरिरुआ गावी, टाइल्सच्या दुकानात मोरेश्वर कोळवणकर गिऱ्हाइकाला बाथरूमच्या फरश्या दाखवू लागले, की तिसऱ्या वाक्याला गाडी पॉट्सडामला पोचलीच म्हणून समजावं. पंचाऐंशी साली ते शिष्यवृत्तीवर पूर्व जर्मनीत गेले होते, जुन्या इमारतींची डागडुजी शिकायला. तिथल्या राजाच्या महालात भिंतीभर शिंपले जडवलेलं दालन आहे. उजवीकडच्या तिसऱ्या खांबावर त्यांनी गुहागरहून नेलेला एक शिंपला बसवला होता. पुढे आयुष्यात त्यांचं दुसरं काही इतकं जागच्या जागी बसलं नाही. इथे तर त्या शिक्षणाला कुणी विचारलंही नाही.

दोन हजार सहा साली काचबिंदूनं नजर आवळत आणली. "फार तर सहा महिने," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात लेक, अनुष्का, ऑफिसच्या कामाला बर्लिनला निघाली.

"एक दिवस पॉट्सडामला जा. माझ्या शिंपल्याचा फोटो आण. दिसतंय तोवर बघून घेतो."

"शुअर, बाबा. व्हॉट्स इट कॉल्ड इन जर्मन?"

"घरात मराठी! नवा राजवाडा. म्हण."

"नवा राजवाडा," ती डोळे फिरवत म्हणाली.

"अहो, सरळ सांगा ना पोरीला!" त्यांच्या पत्नी वासंतीबाई ओट्याजवळून ओरडल्या.

"सरळच सांगितलं. मराठीत!"

पंधरा दिवसांनी अनुष्का परतली. मोरेश्वर लॅपटॉपला नाक टेकवून बसले.

"हे काय? लाकडी पट्ट्या, विटांची धुराडी... हा तर साहेबाचा बंगला!"

"नवा राजवाडा, बाबा. आय आस्क्ड फॉर द न्यूएस्ट पॅलेस. सगळ्यात शेवटी हाच बांधला."

"अगं, तो नव्हे! आपला अडीचशे वर्षांचा आहे!"

"देन हाऊ इज इट नवा?"

"नावच तसं आहे! नॉयस पाले!"

त्या घरात त्यांच्या तोंडून जर्मन शब्द पहिल्यांदाच आला.

अनुष्का हळूच म्हणाली, "ते नाव बसवर लिहिलं होतं. समोरून गेली ती. मी चढले नाही."

"झाली हौस मराठीची?" वासंतीबाई म्हणाल्या, आणि लगेच तोंड फिरवलं.

"नेक्स्ट टाइम, बाबा. हीप्स ऑफ फोटोज. प्रॉमिस."

मोरेश्वरांनी चाचपडत लॅपटॉप मिटला.

"पुढच्या वेळी फोटो नको. नुसतं सांग मला. इंग्लिशमध्ये सांग, कशातही सांग."