गाणं संपेपर्यंत उभी

तिसरा तास चालू होता. शिपायानं दारातून खूण केली, बाई, ऑफिसात फोन. इचलकरंजीच्या आमच्या शाळेत फोन एकच, हेडमास्तरांच्या टेबलावर, आणि शिक्षिकेला फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं हे सगळ्यांना ठाऊक. पलीकडून कसबा बावड्याच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टर बोलत होत्या. मार्थाआक्का सकाळी ड्यूटीवर आली नाही म्हणून बघायला बाई पाठवली, तर अंथरुणातच... झोपेत गेली असणार. दार आतून लावलेलं होतं, कडी तोडावी लागली, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांना त्या कडीचं वाईट वाटत होतं. मला नाही वाटलं. माझी आक्का आतून कडी लावून झोपली होती, ही तिची केवढी मोठी कमाई, हे त्या सिस्टरना माहीत असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात तिला माती दिली. पाळकसाहेब नवे, आक्काला त्यांनी फार तर रविवारी बघितलेलं. कुणीतरी चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या असणार, त्या त्यांनी वाचल्या. "आमच्या ह्या भगिनीनं आयुष्यभर आपलं दुःख मुक्यानं सोसलं." पुढच्या रांगेतली पिकलेली डोकी हलली. मी पेटीच्या उजव्या अंगाला उभी होते. त्या डोक्यांतली निम्मी तरी मला ओळखीची होती. त्यांनी आक्काचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि आता तिला मुकी करून पुरत होते. मी मात्र काय केलं? मूठभर माती टाकली आणि मागं सरले.

ह्याला सहा आठवडे झाले. मी आमच्या खानदानातली पहिली बी.ए. हे लिहिताना मला संकोच नाही. माझा बाप दुसऱ्यांच्या विहिरी खणायचा आणि आई त्याच मालकांच्या रानात भांगलायची. चार वाक्यं नीट लिहिता येतात, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते. आक्का मुकी नव्हती.

ती माझी मावसबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. हातकणंगल्याच्या अलीकडं आमचं गाव. तिचे वडील लवकर गेले, ती सातवीपर्यंत शिकली, आणि विसाव्या वर्षी कोल्हापुरात मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रनच्या हाताखाली कामाला लागली. तिच्याच खटपटीनं मला तिथं जागा मिळाली. मी अकरा वर्षांची होते. पहिल्या आठवड्यात मी रडायची, तर आक्का वेणी घालताना केस असे काही ओढायची की रडू कशाचं येतंय तेच कळू नये. "आता रड," म्हणायची, "आता कारण तरी हाय."

बोर्डिंगवर एक मास्तर होते. सगळा कारभार त्यांच्याकडं, शिवाय मंडळीतले वडील, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळातले मुख्य. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ते आता हयात नाहीत. माझ्या घरी येऊन मंडळीच्या सेक्रेटरींनी चहा पिता पिता सुचवलं, की लेख जरूर लिहा, पण नाव नको, नातवंडं आहेत. ठीक आहे. मास्तर, एवढंच म्हणते. संध्याकाळी धान्य मापून द्यायला ते कोठीत यायचे आणि मापाला आक्का लागायची. एका मे महिन्यात ती अचानक बोर्डिंग सोडून गावी गेली. मेट्रनशी पटलं नाही, असं आम्हा मुलींना सांगितलं. मी ते खरं मानलं.

पुढं तिचं लग्न झालं, मिरजेकडं दिलं. आठ महिन्यांत नवऱ्यानं परत आणून सोडली. तक्रार काय, तर दार लावलं की ही अंगावर धावून येते. "पोरगी येडी हाय, तुम्ही फसवलं आमास्नी," असं त्याची आई आमच्या अंगणात उभी राहून सगळ्या आळीला ऐकवून गेली. आक्का उंबऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर झोपायची, पौषातल्या थंडीतसुद्धा, दार सताड उघडं टाकून. पाच-सहा वर्षं. मावशीनं उपास केले, प्रार्थनेला बायका बोलावल्या. सगळ्या एकच सांगायच्या, प्रार्थना कर, क्षमा कर, विसर. काय विसरायचं हे मात्र कुणी विचारलं नाही.

तिला वाट सापडली ती शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एका गोष्टीत. हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तिच्याच शब्दांत देते. "ती बारा वरसं रगत जाणारी बाई न्हाय का? गर्दीत मागनं आली, प्रभूच्या कापडाला शिवली, बरी झाली. गपचिप निघाली हुती बिचारी. त्यानं जाऊ दिलं न्हाय. कोण शिवलं म्हणून थांबला, सगळ्यांम्होरं बोलायला लावलं तिला. मी म्हटलं, का रं बाबा? बरी झाली की, आता कशाला लाज काढतोस? मग ध्यानात आलं... नुसतं बरं हून भागत न्हाय. लोकांनी ऐकाय लागतंय."

मग आला कापणीचा सण. कोल्हापूरच्या आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी खांबांना ऊस बांधतात, पुढं गुळाच्या ढेपा, भाताच्या लोंब्या, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की ह्या सगळ्याचा लिलाव. त्याआधी साक्ष, म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं वर्षभर काय केलं ते सांगायचं. साक्षीचा एक साचा ठरलेला असतो. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, शेवटी आभार. काहींची साक्ष लांबायची. एक म्हातारे तर दर वर्षी म्हशीच्या आजारपणापासून सुरू करायचे आणि तिच्याआधी मेलेल्या म्हशीपर्यंत मागं जायचे. त्यावर उपाय असा होता, की पुढं बसलेल्या मास्तरांनी गुडघ्यावरची दोन बोटं उचलायची आणि लगेच गीत सुरू व्हायचं. सगळे उभे राहून गायचे, म्हातारबा बसायचे, कुणाचा अपमान नाही. आणि ते गीत सुरू करण्याचं काम माझ्याकडं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची, प्री-डिग्री झालेली, आवाज चांगला. पुढं बी.ए.ला हॉस्टेलमध्ये जागा हवी होती आणि अर्जाला चारित्र्याचा दाखला लागत होता. त्यावर मास्तरांची सही व्हायची होती.

आक्का बायकांच्या तिसऱ्या बाकावरून उठली. साच्यातच सुरुवात केली, मी लई दुखात हुतो, सात वरसं झोप न्हवती. बायका माना हलवत होत्या. मग म्हणाली, बोर्डिंगच्या कोठीत... आणि मास्तरांचं नाव घेतलं, आडनावासकट.

दोन बोटं वर आली. मास्तरांनी मागं वळूनही बघितलं नाही.

मी गीत सुरू केलं. मला काही समजलं नव्हतं, असं आज म्हणता येईल, आणि अठरा वर्षांच्या पोरीला लोक माफही करतील. पण मी नाव ऐकलं होतं. आक्काचा चेहरा बघितला होता. मला समजलं होतं, आणि मी गायले.

ती बसली नाही. गाण्यावर आवाज चढवून बोललीही नाही. पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून चारी कडवी होईपर्यंत उभी राहिली. गीत संपलं, तिनं तोंड उघडलं, बोटं उचलली, मी दुसरं धरलं. ती उभीच. तिसऱ्या गीताला निम्मी मंडळी नुसतेच ओठ हलवत होती, कोपऱ्यातल्या कोंबड्यांचा आवाज गाण्यातून ऐकू येत होता. ते संपलं तेव्हा पेटीवाल्या दावीदमामांनी भात्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं. मामा म्हणाले, "हाताला कळ लागलीया. बोलू द्या पोरीला." बोटं पुन्हा वर झाली. पेटीशिवायही मला सूर धरता आला असता. आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "अजून गाणार हाईस? गा. मी थांबतो."

मी तोंड उघडलं, पण सूर लागला नाही. ह्याला मी धीर म्हणत नाही. सूरच लागला नाही.

मग ती बोलली. "ह्यानं कोठीचं दार लावून माझी अब्रू लुटली. मी वरडलो. पलीकडं पोरी सांजचं गीत म्हणत हुत्या, कुणाला ऐकू गेलं न्हाय. आज ऐकू गेलं. मी मेलो न्हाय, त्याबद्दल देवाचं आभार." आणि खाली बसली.

सांजचं गीत म्हणणाऱ्या त्या पोरींत मी होते. तिथंही पहिली ओळ मीच धरायची.

पुढं काय झालं, असं वाचकांना वाटेल. लिलाव झाला. पहिला भोपळा पुकारला गेला तेव्हा कुणीतरी विनोद केला आणि लोक हसले. त्या महिन्यात चार घरांनी आपल्या मुली बोर्डिंगमधून गुपचूप काढून घेतल्या, म्हणजे आक्काचं सगळ्यांना पटलं होतं. मास्तर मात्र पदावर राहिले, निवृत्त झाल्यावर त्यांना शाल मिळाली. मंडळीच्या पंचांनी आक्काला बोलावून माफी माग म्हणून सांगितलं. तिनं मागितली नाही, तेव्हा शिस्त म्हणून तिचं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या नावानं वाटतात ती भाकर, एक वर्ष बंद केलं. ती दर वेळी यायची, तिच्या नाकासमोरून ताट पुढं जायचं. मावशी म्हणाली, कशाला जातीस त्या चर्चात? आक्काचं उत्तर, "भाकर त्याची हाय. ह्यांनी नुसतं ताट धरलंय." हे मी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही.

माझा दाखला आठवड्याभरात आला. 'मुलगी सुशील व आज्ञाधारक आहे.' अक्षर सुरेख होतं मास्तरांचं.

एक मात्र झालं, आणि ते कुठल्याही पंचांना अडवता आलं नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी आक्का कुठं दिसेना. कट्टा रिकामा, दार बंद. मावशी घाबरून दार बडवायला लागली. आतून कडी निघाली, आक्का डोळे चोळत उभी. "झोपू द्या की," म्हणाली. त्या दिवसापासून ती घरात, कडी लावून झोपली.

बी.ए. होऊन नोकरीला लागल्यावर एकदा बावड्याला तिच्या खोलीवर जाऊन मी माफी मागितली. तोवर ती प्रसूतिगृहात आया झाली होती. पाठ केल्यासारखं माझं बोलणं तिनं पुरतं ऐकून घेतलं. "पयलं गाणं बरं म्हणालीस," ती म्हणाली, "तिसऱ्याला बेसूर झालीस. तवाच वळखलं मी, पोरगी सुधारंल." आणि चहा ठेवला. मला रडायचं होतं, तिनं हसवलं. ते मला अजून पचलेलं नाही... तिनं एकदा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या खोलीत बायका यायच्या. कारखान्यातल्या कामगारांच्या बायका, बावड्यातल्या शेतकरी घरांतल्या सुना, आमच्या मंडळीतल्याही, पण त्या मागच्या बोळातून. आक्का कुणाला काही विचारायची नाही. सुपात तांदूळ घालून पुढ्यात सारायची, निवड म्हणायची, आणि स्वतः दुसरं काहीतरी निवडायला घ्यायची. खाली मान घालून खडे शोधता शोधता बायका बोलायच्या. देव बघून घेईल असं ती कुणालाही म्हणाली नाही. ऐकून झालं की एकच शब्द, "मग?" म्हणजे आता पुढं काय करायचं. सासरी जायचं तर ती बरोबर जायची, चौकीत जायचं तर चौकीत. हवालदारालाच सांगायची, पावणं, बसा, बाई लांबचं सांगणार हाय. सगळ्या बायका सुटल्या असं मी लिहिणार नाही. निम्म्या परत त्याच घरांत गेल्या. पण बोलून गेल्या.

गेल्या रविवारी खोली रिकामी करायला गेले. भाड्याची खोली, सामान ते किती. भांडी पोत्यात भरत होते तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. तिशीतली, एका डोळ्याखाली काळंनिळं. आक्का हाईत का म्हणाली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती जायला वळली. मी म्हटलं, बसा, मी तिची बहीण, शिक्षिका आहे, बी.ए. आहे... माझं मलाच ऐकवेना. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी पोत्यातून सूप बाहेर काढलं, डब्यातले उरलेले तांदूळ त्यात ओतले आणि तिच्या पुढ्यात सारले. ती बसली. निवडायला लागली. बोलेना. मला खुणेला बोटं उचलणारं आता कुणी नव्हतं.

शेवटी मीच बोलले. आक्कानं चर्चमध्ये घेतलं होतं ते नाव, आडनावासकट, आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं घेतलं. त्यानं काय केलं ते सांगितलं. मग आम्ही काय केलं ते सांगितलं, कुणी बोटं उचलली, कोण गायलं.

त्या बाईला मास्तर माहीत नव्हते, ना आमची मंडळी. तिनं एक खडा वेचून जमिनीवर ठेवला, आणि मान वर न करता म्हणाली,

"मग?"